माथोस : थकलेल्या पगारातून पेटलेले युद्ध

श्रोतेहो, नमस्कार.

इसवी सन पूर्व 241 मध्ये रोम आणि उत्तर आफ्रिकेतले बलाढ्य शहर कार्थेज यांच्यातले पहिले प्यूनिक युद्ध संपले. हरलेल्या कार्थेजवर 3200 टॅलेंट (टॅलेंट म्हणजे वजनाचे एक जुने माप) चांदीची खंडणी बसली, सिसिली बेट हातचे गेले, आणि तिथे त्यांच्यासाठी लढलेले सुमारे 20,000 भाडोत्री सैनिक थकलेला पगार मागत आफ्रिकेत परतले. सिसिलीतला सेनाधिकारी गिस्को याने त्यांना मुद्दाम तुकड्यातुकड्यांनी पाठवले होते, म्हणजे एका तुकडीचा हिशेब चुकता होऊन ती मायदेशी गेल्यावर दुसरी यावी. कार्थेजच्या कारभाऱ्यांना मात्र वाटले, की सगळे एकत्र जमले म्हणजे घासाघीस करून रक्कम कमी करता येईल. त्यांनी प्रत्येकाच्या हातावर एक सोन्याचे नाणे ठेवून सर्वांना, बायकामुले आणि सामानसुमानासकट, सिक्का या दूरच्या गावी धाडले. तिथे रिकामे बसलेले सैनिक आपापल्या थकबाकीचे आकडे मांडू लागले, आणि ते आकडे दिवसेंदिवस फुगत गेले.

सवलत मागायला आलेल्या कार्थेजच्या हॅनो या सेनापतीला धुडकावून ही फौज थेट कार्थेजजवळच्या ट्युनिसला येऊन थडकली. घाबरलेल्या कार्थेजने गिस्कोला पैसे घेऊन पाठवले आणि वाटप सुरूही झाले. नेमक्या याच वेळी माथोस पुढे आला. तो स्वतंत्र लिबियन सैनिक होता. त्याचा साथीदार स्पेंडियस हा रोमन मालकाकडून पळालेला, इटलीतल्या कॅम्पेनियाचा गुलाम. परदेशी सैनिक पैसे घेऊन घरी जातील आणि कार्थेजचा सगळा राग याच भूमीत राहणाऱ्या आपल्यावर निघेल, असे माथोसने लिबियनांना सांगितले. थकबाकी मागायला आलेल्या लिबियनांना गिस्कोने चिडून उत्तर दिले, की तुमचा सेनापती माथोस आहे, त्याच्याकडे मागा. तिथेच संतापाचा भडका उडाला. पैसे लुटले गेले आणि गिस्को कैद झाला.

माझ्या मते माथोसचे मोठेपण त्यापुढच्या पावलात आहे. त्याने लिबियाच्या गावोगावी दूत पाठवले. युद्धकाळात कार्थेजने शेतकऱ्यांचे निम्मे पीक उचलले होते आणि शहरांचा कर दुप्पट केला होता. कर न भरल्यामुळे नवरा किंवा बाप कैदेत गेलेला पाहणाऱ्या स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले, आणि त्यातून माथोसने सैनिकांना कबूल केलेली थकबाकी फेडली. बंडखोरांनी कार्थेजच्याच नाण्यांवर ठसा मारून स्वतःची नाणी पाडली. ती आजही उपलब्ध आहेत. इतिहासकार पॉलिबियस बंडखोरांकडे शत्रूच्या नजरेने पाहतो, म्हणून ही नाणी मला फार मोलाची वाटतात.

बंडखोरांचे क्रौर्य मात्र झाकता येत नाही. कार्थेजचा सेनापती हामिल्कार बार्का पकडलेल्या बंडखोरांना माफी देऊ लागला, तेव्हा आपले सैन्य फुटेल या भीतीने बंडाच्या पुढाऱ्यांनी गिस्को आणि सुमारे 700 कैद्यांचे हात तोडून त्यांना ठार केले. त्यानंतर दोन्ही बाजूंनी दयामाया उरली नाही. हामिल्कारने स्पेंडियसच्या सैन्याला डोंगरात कोंडून उपासमारीने जेरीस आणले, मग कापून काढले आणि स्पेंडियसला ट्युनिससमोर क्रूसावर चढवले. माथोसने छापा घालून कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला पकडले आणि त्याच क्रूसावर टांगले. हा प्रसिद्ध हॅनिबल नव्हे. अखेरच्या लढाईत माथोस जिवंत सापडला आणि विजयाच्या मिरवणुकीत कार्थेजच्या तरुणांनी त्याचे हालहाल केले.

तोवर तीन वर्षे चार महिने गेले होते. सार्डिनियातल्या भाडोत्री सैनिकांनीही बंड केले होते. ते बेट रोमने बळकावले आणि कार्थेजकडून आणखी 1200 टॅलेंट उकळले.