वाडा घरी येतो तेव्हा

(दृश्य: वरंधा घाट, सकाळ. रस्ताभर मेंढरं, मागे खोळंबलेला टेम्पो.)

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. महाडहून भोरकडे चढणाऱ्या घाटात टेम्पोवाला हॉर्न वाजवून दमलाय. मेंढरांना त्याची घाई नाही. पुढे एक मेंढका, मागे एक, कडेनं कुत्रं. बायका आणि घोडी पहाटेच पुढं गेली. घोड्यांच्या पाठीवर पालं, मेंढरांभोवती लावायची जाळी म्हणजे वाघरी, पातेली, पाय बांधलेल्या कोंबड्या, चालता न येणारी कोकरं आणि त्यांच्यातच बसवलेलं एखादं पोर.

पाच-सहा कुटुंबांचा हा धनगरांचा वाडा, म्हणजे एकत्र फिरणारा तांडा, दिवाळीनंतर गाव सोडून कोकणात उतरला होता. आता तो फलटण आणि माण तालुक्यांतल्या आपापल्या वस्त्यांकडे परत चाललाय.

परतायचं कधी, ते पाऊस ठरवतो. महाडला पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. माणमध्ये वर्षाला ५००च्या आसपास, तोही पडला तर. दख्खनी मेंढी काटक. ऊन सोसते, मैलोन्मैल चालते. पण लोकर भिजली आणि वाळायलाच तयार नाही, असं झालं की तिचं काही खरं नसतं. खूर सडतात, खोकला छातीत उतरतो. म्हणून मृगाच्या आत घाट चढायचा.

कोकणात जायचं कारणही तितकंच रोकडं आहे. भात कापून झालं की तिथली खाचरं मोकळी होतात. शेतकरी रात्री मेंढरं बसवून घेतो. लेंड्या आणि मूत थेट मातीत. मोबदला धान्यात किंवा रोख, हिशेब खंडीवर. २० मेंढरांची एक खंडी. आज या शेतात, उद्या पलीकडच्या. म्हणजे महिनोन्‌महिने हे लोक कुणाच्या तरी बोलावण्यावरून मुक्काम करत असतात.

(दृश्य: वस्ती. कडी काढलेलं दार, अंगणात उतरवलेलं ओझं.)

घर पूर्ण बंद नसतं. म्हातारी माणसं मागं राहतात, एखादा भाऊ जमीन बघतो. तरी पहिले दोन दिवस साफसफाईतच जातात. वाळवी, उंदीर, पत्र्याखालून उडालेली ताडपत्री. भटके म्हणून सगळे यांच्याकडे बघतात. पण यांच्या नावावर घर आहे, सातबारा आहे, घरपट्टीही भरलेली आहे.

घरी आल्यावर विसावा मिळतो का? पुरुषांना थोडा मिळतो. बायकांचं वेगळंच होतं.

वाटेवर सगळा कारभार बाईच्या हातात असतो. पाल उतरवायचं, घोडं लादायचं, नव्या मुक्कामी पोचून तीन दगडांवर भाकरी टाकायची. बाजार तिनंच करायचा, आजारी कोकराला दूधही तिनंच पाजायचं. पुरुष मेंढरांमागं रानात, त्यामुळे शेतकऱ्याशी चार शब्द वाजवून बोलायची वेळही तिच्यावरच येते. गावात पाऊल ठेवलं की तीच बाई कुणाची तरी सून होते. डोक्यावरचा पदर सावरायचा, मोठ्यांसमोर आवाज खाली. गॅसची शेगडी आहे, नळाला एक दिवसाआड पाणी आहे, रात्री लांडग्याची भीती नाही. वस्तीवरच्या एका बाईला विचारलं, कुठं बरं वाटतं? ती हसली. ‘‘हितं पाठ टेकती. तिकडं जीव रमतो.’’

(दृश्य: रेशन दुकानाची रांग. शाळेची घंटा.)

जून म्हणजे कागदांचा महिना. रेशनकार्डाची केवायसी राहिलेली असते. यंत्रावर अंगठा ठेवावा, तर घासून गेलेला अंगठा पटकन उमटत नाही. पुन्हा पुसायचा, पुन्हा ठेवायचा. बँकेत, तलाठ्याकडे, दवाखान्यात, वर्षभराची सगळी कामं याच चार महिन्यांत उरकायची. शाळा नेमकी जूनच्या मध्यावर सुरू होते, त्यामुळे पहिलं सत्र पोरांना मिळतं. दुसऱ्या सत्रात वाडा कोकणात. वाटेत दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक देतात खरं. पण मुक्कामच दोन-चार दिवसांत हलतो, तर पोरानं कुठल्या शाळेत बसायचं? या प्रश्नाला घराघरातून एकच उत्तर येऊ लागलंय. पोराला आजीजवळ ठेवायचं, नाहीतर वसतिगृहात घालायचं.

मेंढरांनाही टोचून घ्यायचं असतं. पहिल्या सरीनंतर आलेलं कोवळं गवत अधाशासारखं खाल्लं की आतड्यात जंतू वाढतात, विष तयार होतं आणि संध्याकाळी धडधाकट असलेलं मेंढरू सकाळी मेलेलं सापडतं. हाच आंत्रविषार. त्याची लस पावसाच्या तोंडावर द्यायची, म्हणून लसीची गडबड घरी पोचता पोचताच सुरू होते.

आणि मग खरी अडचण.

मृगाचा पाऊस झाला की बाजरी, मटकीची पेरणी होते. शेतं बंद. वनखात्याच्या नव्या लागवडीला तारेचं कुंपण. उरलं माळरान. तेही जिहे-कठापूरसारख्या उपसा सिंचन योजनांचं पाणी आल्यापासून जागोजागी नांगरलं जातंय. दुष्काळी तालुक्यात पाणी आलं, यात वाईट काय? काहीच नाही, धनगरांच्या कोरडवाहू तुकड्यालाही ते हवंच आहे. पण परक्या मुलखातला शेतकरी ज्या लेंड्यांसाठी पैसे मोजतो, त्याच लेंड्या टाकणारी मेंढरं स्वतःच्या गावात बांधावरून हाकलली जातात. ‘‘तिकडं लोक या म्हणत्यात, हितं चला म्हणत्यात,’’ असं एका मेंढक्यानं आम्हाला सांगितलं. तो तक्रार करत नव्हता. दुपारभर कुठं चारायचं, याचा अंदाज घेत उभा होता.

(दृश्य: काटेवाडी, पालखी सोहळा.)

आषाढात मात्र याच मेंढरांना मान मिळतो. तुकोबांची पालखी बारामतीजवळ काटेवाडीत येते, तेव्हा मेंढ्यांचं रिंगण होतं. माना खाली, एकामागं एक, धूळ उडवत पालखीभोवती धावणारा कळप. रोगराई टळते, अशी श्रद्धा. बघायला मोबाइल उंचावून उभ्या असलेल्या गर्दीत शहरातले कितीतरी असतात.

पावसाळ्याच्या आगेमागे कातरणी होते. काळी, खरखरीत लोकर. पूर्वी ती घोंगडी विणणाऱ्या सणगरांच्या मागावर जायची, चिंचोक्याची खळ लागून घोंगडं व्हायचं. आता तिला भावच येत नाही. कातरणीची मजुरीही कधी कधी सुटत नाही. कळप चालतो तो मटणाच्या दरावर. तरीही महाराष्ट्रात २०१९च्या पशुगणनेत सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. त्यांच्यामागं चालणारी माणसं किती, ते मात्र त्या गणनेत येत नाही.

(दृश्य: भादव्यातली संध्याकाळ. ओसरीवर माणसं.)

बाजरी निसवते आणि फोन यायला लागतात. पलीकडे महाडकडचा शेतकरी. यंदा किती खंडी? मागच्या वर्षी आधी शेजाऱ्याकडं बसलात, या वेळी पहिल्यांदा माझ्याकडं. रासायनिक खत परवडत नाही, हेही तो बोलून जातो. ओसरीवर हिशेब सुरू होतो. घोडी एक कमी आहे, ती घ्यायला हवी. धाकटी सून म्हणते, थोरला यंदा सातवीत, त्याला न्यायचं नाही. सासरे म्हणतात, मग मेंढरांमागं कोण? ती म्हणते, गडी ठेवा. दर काय पडेल, यावर बराच वेळ बोलणं चालतं.