भाजणीवरचा बहिष्कार

(ग्राहक मंडळाच्या मासिक सभेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाशय, मंडळाचे सभासद, आणि कंटाळा आला तर पटकन सटकता यावं म्हणून दाराजवळच्या खुर्च्या धरून बसलेले मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मालकाची मतं पटत नसतील तर त्याचा माल घ्यावा का?’ मला पाऊण तास दिलाय, आणि तीन कसोट्या सांगेन असं मी सचिवांना फोनवर कबूल केलंय. त्या सांगणार आहेच. पण आधी भाजणी.

आमच्या नाक्यावर पिठामसाल्याचं एक दुकान आहे. नाव घेत नाही, तरी निम्म्या सभागृहाने ओळखलेलं दिसतंय. तिथली थालीपिठाची भाजणी म्हणजे... धने नुसते भाजलेले नाहीत, करपायच्या एक क्षण आधी कढईतून काढलेले. मालक गल्ल्यावर बसून पेपर मोठ्याने वाचतात आणि प्रत्येक बातमीवर तिथल्या तिथे निकाल देतात. अपील नाही. एकदा माझ्यासमोर म्हणाले, “बायका नोकरीला लागल्या आणि घरातली भाजणी गेली. संसार बिघडले ते तिथून.” हे ते कुणाला म्हणत होते? रांगेतल्या सहा बायकांना. सहाही जणी ऑफिसातून परतताना त्यांचीच भाजणी घ्यायला थांबलेल्या. या गृहस्थाचा बंगला ज्या ‘बिघाडा’वर उभा राहिला, त्याच बिघाडाला ते शिव्या घालत होते!

माझ्या बायकोने तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. मी तिरमिरीत घरी आलो आणि जाहीर केलं, आजपासून त्या दुकानावर बहिष्कार. ती वर न बघता म्हणाली, “तिथे मी जाते. तुम्ही नेमका कशावर बहिष्कार घालताय?”

तरी चौदा महिने निभावलं. स्टेशनपलीकडे एक दुकान शोधलं. वीस मिनिटं चालायचं, किलोमागे तीस रुपये जास्त. भाजणी मात्र उत्तम. ‘त्या नाक्यावरच्यापेक्षा कितीतरी सरस’ असं मी चारचौघांत सांगतही होतो. मग एका सकाळी त्या दुकानासमोर टेम्पो उभा दिसला. गोणी उतरवत होता तो नाक्यावरच्या मालकांचा पुतण्या. गिरणी एकच! चौदा महिने मी त्यांचाच माल घेत होतो, वर मधल्या माणसाची दलाली भरत होतो.

निमूट नाक्यावर परत गेलो. मालक म्हणाले, “काय, मुलाकडे गेला होतात का?” म्हणजे त्यांना पत्ताच नव्हता! घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “आणि वर्षभर मेतकूट कुठून येत होतं असं वाटलं तुम्हाला?”

हसा, हसा. पण तुमच्यातल्या किती जणांनी मनातल्या मनात कुठल्यातरी साबणावर, चहावर, नाही तर टूथपेस्टवर बहिष्कार घातलाय? हात वर करू नका, शेजारी बसलेल्याचा साबण तोच असायचा.

आता बहिष्काराला इंग्रजीत ‘बॉयकॉट’ म्हणतात, तो शब्द आला कुठून ते पाहू. कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हा खराखुरा माणूस होता. आयर्लंडच्या मेयो परगण्यात लॉर्ड अर्नच्या जमिनीचा कारभारी. १८८० साली पीक बुडालं, कुळांनी खंडात पंचवीस टक्के सूट मागितली, जमीनदार दहाच्या पुढे सरकेना, आणि बॉयकॉटने कुळांना हुसकावण्याच्या नोटिसा काढल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात एनिस गावच्या सभेत आयरिश पुढारी पार्नेलने विचारलं होतं, हुसकावलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, ‘गोळी घाला!’ पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे, त्याला एकटं पाडा. ते बॉयकॉटला भोगावं लागलं. गडी गेले, दुकानदार माल देईना, पीक शेतात उभं. शेवटी बाहेरून पन्नास माणसं कापणीला आणली आणि त्यांच्या राखणीला सुमारे हजार सैनिक व पोलीस. पाचशे पौंडांचं पीक काढायला दहा हजार पौंड खर्च झाला म्हणतात. आपल्याकडे हे सरकारी काम शोभलं असतं.

माझा मुद्दा एवढाच, की बॉयकॉटची मतं काय होती हे कुणी विचारलंही नाही. नोटिसा त्याने काढल्या होत्या, म्हणजे करणी त्याची होती. आपल्याकडचंही बघा. १९०५ साली पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली, तेव्हा मँचेस्टरच्या गिरणीमालकाची बायकांच्या नोकरीबद्दल काय मतं आहेत अशी चौकशी झाली नव्हती. भांडण बंगालची फाळणी करणाऱ्या सरकारशी होतं आणि कापड हे त्याचं दुखरं अंग होतं.

आता? मालक काहीतरी बोलतो, संध्याकाळपर्यंत ते दहा कोटी फोनांवर पोचतं, आणि रात्री आपण अ‍ॅप काढून टाकतो. तेही धड नाही! २०१७ साली स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याचा आरोप झाला, कंपनीने तो नाकारला. आपल्या लोकांनी चिडून काय काढलं? कित्येकांनी स्नॅपडील! बिचारी दिल्लीकडची कंपनी, तिचा या प्रकरणाशी संबंध नावातल्या पहिल्या दोन अक्षरांपुरता. अध्यक्ष हसतायत, पण त्यांनी काय काढलं होतं हे ते सांगणार नाहीत.

गेल्या जानेवारीत... नाही, २०२५च्या जानेवारीत एल अँड टीच्या प्रमुखांचं ते वाक्य गाजलं. नव्वद तास काम करा, घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार? माझा भाचा म्हणाला, मामा, बहिष्कार! म्हटलं, घाल. पण मग त्या कंपनीचा हात लागलेल्या अटल सेतूवरून जायचं नाही, कोस्टल रोडच्या बोगद्यात पाऊल ठेवायचं नाही. सिमेंट-लोखंडावर कसला बहिष्कार घालतोस? टेस्लावर मात्र मी आजन्म बहिष्कार घातलाय. बीकेसीत शोरूम उघडलं आणि किंमत साठ लाखांच्या घरात आहे असं कळलं, तेव्हाच माझी तत्त्वं जागी झाली.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) सात मिनिटं? घड्याळ पुढे आहे तुमचं. असू दे, कसोट्या.

पहिली. मत जिभेवरून गल्ल्यात उतरलंय का? हेन्री फोर्ड ज्यूद्वेष्टा होता एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, गाडी बघा, माणूस सोडा. पण १९२०पासून त्याने स्वतःच्या वृत्तपत्रात ज्यूंविरुद्ध लेखमाला चालवली आणि ते पत्र खपवायची सक्ती गाडीच्या विक्रेत्यांवर केली. म्हणजे तुम्ही गाडी घ्यायला गेलात की विष सोबत मिळायचं. तिथे ज्यू गिऱ्हाइकांनी पाठ फिरवली हे रास्तच, आणि १९२७ साली खटल्याच्या कचाट्यात फोर्डने माफी मागितली. अमेरिकेतल्या चिक-फिल-ए या सँडविचवाल्या कंपनीचंही तसंच. मालकाने २०१२ साली समलिंगी विवाहाविरुद्ध मत दिलं, त्यावर वाद घालता आला असता. पण कंपनीच्या नफ्यातून त्या बाजूच्या संस्थांना देणग्या जात होत्या, म्हणजे सँडविच खाणाराही वर्गणीदार. बहिष्काराला उत्तर म्हणून समर्थकांनी एक ऑगस्टला अशा रांगा लावल्या की विक्रीचा विक्रम झाला. हेही लक्षात ठेवा.

आमच्या भाजणीवाल्यांचं मत गल्ल्यात उतरलं नव्हतं. त्यांच्याकडे दळायला, निवडायला सगळ्या बायकाच, आणि पगार वेळेवर. ही चौकशी मी आधी करायला हवी होती.

दुसरी. त्याला सांगितलंत का? इटलीत पास्तावाल्या बारिलाचा मालक २०१३ साली रेडिओवर म्हणाला, समलिंगी कुटुंब आमच्या जाहिरातीत दिसणार नाही, पटत नसेल तर दुसरा पास्ता खा. लोकांनी नाव घेऊन, कारण देऊन जाब विचारला. काही दिवसांत माफी आली, पुढे कंपनीचं धोरणही बदललं. माझे चौदा महिने आणि हे, फरक कळला?

तिसरी माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची, आणि तिला दोनच मिनिटं उरलीत, हा माझाच दोष. बहिष्कार घालणारा मोठा की सोसणारा? आपल्या मराठीत ‘वाळीत टाकणं’ हा शब्द बॉयकॉटच्या फार आधीचा आहे. महाडच्या तळ्याचं पाणी प्यायल्यावर दोन आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ला बाबासाहेबांनी वृत्तपत्र काढलं, त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’. तो बहिष्कार दुबळ्यांचं हत्यार नव्हता, दुबळ्यांवर चालवलेला होता. त्यांना कामावरून काढलं, दुकानातून माल देणं थांबवलं. आजही गावकीने वाळीत टाकलेली घरं आहेत, म्हणून तर २०१६ साली आपल्या विधिमंडळाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. तेव्हा कुणी तुम्हाला फोनवर यादी पाठवली, अमक्याच्या हातगाडीवरून फळं घेऊ नका, आणि कारण म्हणून त्याचं मतही नाही, नुसतं आडनाव, तर त्याला ग्राहकहक्क म्हणू नका. कंपनी तोटा सोसते, जाहिरात बदलते. हातगाडीवाल्याची संध्याकाळची चूल...

हो, हो, थांबतो. पहिल्या रांगेतून बाई विचारतायत, मग आता भाजणी कुठून? नाक्यावरूनच. फक्त आता गल्ल्यापाशी उभं राहून वाद घालतो, मागची रांग वैतागते. गेल्या महिन्यात त्यांची सून बँकेत लागली. मी विचारलं, “आता संसाराचं काय?” ते म्हणाले, “तिला काय कमी, भाजणी घरचीच आहे.” आणि अर्धा किलो मोजताना नेहमीपेक्षा चिमूटभर जास्त घातली.