हकीबा म्हणजे बॅग

मंडळी, आत्ता लावलेलं गाणं संपायच्या आत तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "अहो, हा तर भूप!" कान तयार आहे तुमचा. फक्त त्याला राग म्हणू नका. सुदानच्या नाईलकाठच्या गाण्यात बहुतेक वेळा सूर पाचच असतात. षड्ज सरकवलात की त्याच पाचांतून दुर्गा निघतो, मालकंसही निघतो. भाषा अरबी, साथीला ऊद नावाचं तंतुवाद्य. पण कैरोच्या गाण्यातले ते पाव सूर इथे शोधून सापडायचे नाहीत. शेजारच्या इथिओपियातही पाच सुरांचीच गोडी. त्यामुळे सुदानी गाणी तिथे घरच्यासारखी ऐकली जातात.

तुम्ही ऐकलीत ती हकीबा. १९२०च्या दशकात सुदानमधल्या ओमदुरमान शहराच्या लग्नघरांतून हे गाणं पुढे आलं. एक गायक, हातात रिक, म्हणजे आपल्या खंजिरीची बहीण. मागे टाळ्या वाजवत ओळ उचलणारे साथीदार. त्यांना म्हणतातच 'शय्यालीन', उचलणारे! आपले पोवाड्यातले झीलकरी आठवा. बस्स, एवढाच सरंजाम. सरूर आणि करूमा ही त्यातली मोठी नावं. गंमत अशी की आपण 'हकीबा' गातोय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पुढे १९५०च्या दशकात रेडिओ ओमदुरमानवर जुनी गाणी ऐकवणारा एक कार्यक्रम होता, 'कलेची बॅग' अशा अर्थाच्या नावाचा. ते नाव अख्ख्या शैलीला चिकटलं. हकीबा म्हणजे बॅग.

बायकांचं गाणं मात्र या बॅगेत मावलं नाही. ते दलूकावर चालायचं. दलूका म्हणजे मातीच्या भांड्याला कातडं ताणून केलेला ढोल. नवरीच्या नाचाला तोच लागतो. आयशा अल-फलातिया ही १९४२ साली रेडिओवर गाणारी पहिली सुदानी बाई. तिची बहीण जिदाविया ऊद वाजवायची. पुरुष गायकांनी नाकं मुरडली, श्रोत्यांनी नाही.

आणि मोहम्मद वर्दी. १९३२चा जन्म, उत्तर सुदानातल्या नुबिया भागातल्या सुवार्दा गावचा, पेशाने शाळामास्तर. नुबियनमध्येही गायचा, अरबीतही. १९६४च्या ऑक्टोबरात लोकांनी लष्करी राजवट उलथवली, तेव्हा त्याची गाणी लोकांच्या तोंडी होती. पुढे तुरुंग झाला, १९८९च्या बंडानंतर परदेशही झाला. २००२ साली परतला. तो बाहेर असतानाच, १९९४ मध्ये, ओमदुरमानच्या कलावंतांच्या क्लबात एका माथेफिरूने खोजली उस्मान या गायकाला भोसकून मारलं. कोर्दोफान या सुदानी प्रांताचा गायक अब्देल गादिर सालिम त्याच हल्ल्यात जखमी होऊनही वाचला. मला त्याचं कोर्दोफानी गाणं वर्दीपेक्षा जास्त आवडतं, पण हे सुदानी माणसासमोर बोलायची सोय नाही.

सालिमचंच लावतो. ठेका 'मरदूम', सहाच्या चालीचा. दादरा समजून टाळी द्यायला जाल तर चुकाल. आधी नुसतं ऐका.