चायना ग्रासची भावंडं

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळी सरली की पुण्याची हवा कोरडी होते. तोंड धुऊन टॉवेल दांडीवर टाकेपर्यंत गाल ताणायला लागतात. माझ्या आजीचा यावरचा उपाय दुधाच्या सायीचा. यंदा बोहरी आळीत मुलतानी मातीशेजारी मला समुद्री शेवाळाच्या पुडीची पाकिटं दिसली. वर ठळक छापलेलं, 'खाण्यायोग्य'.

शेवाळ म्हटलं की पावसाळ्यातली निसरडी पायरी आठवते. पण समुद्रातलं शेवाळ आपल्या घरात कधीचंच आलंय. चायना ग्रास लाल शेवाळापासूनच होतं. कित्येक टूथपेस्टना घट्टपणा देणारं कॅराजीननही त्यातलंच. तमिळनाडूत मन्नारच्या आखातात बायका बुड्या मारून शेवाळ काढतात. इतक्या कष्टानं वर येणारी वस्तू आपण नीट समजून वापरावी, असं मला मनापासून वाटतं.

केल्पची, म्हणजे तपकिरी शेवाळाची, चमचाभर पूड कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा. ती फुगते आणि बोटांना चिरलेल्या भेंडीसारखी बुळबुळीत लागते. हा बुळबुळीतपणा केल्पमधल्या अल्जिनेट नावाच्या चिकट पदार्थाचा. ते पाणी धरून ठेवतं. मुलतानी माती तेल शोषते, कोरडे गाल आणखी कोरडे करते. भिजवलेल्या केल्पचा हा लेप चेहऱ्याला लावला तर ओलावा देतो. मात्र तो वाळून तडकू देऊ नका, ओलसर असतानाच धुवा. अल्जिनेटचे रेणू मोठे असल्यामुळे ते कातडीच्या वरच राहतात. सुरकुत्या मुळापासून जातील असं कुणी सांगितलं, तर त्यावर पैसे घालवू नका.

आणि खाण्यायोग्य म्हणजे चेहऱ्याला निर्धोक, असंही नाही. लिंबू आपण रोज खातो, पण गालावर चोळलं तर आग होते. केल्पमध्ये आयोडीन भरपूर असतं. मुरुमांचा त्रास असेल तर जपून. पाकिटावर शेवाळाची जात लिहिली आहे का, ते पाहाच. हिजिकी नावाच्या शेवाळात अजैविक आर्सेनिक हे विष इतकं सापडलं, की ते खाऊ नका असा सल्ला ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं २००४ मध्ये दिला. सुशीची मीठमसाला लावलेली नोरी, म्हणजे वाळवलेल्या शेवाळाचा पातळ पापुद्रा, कुटून लावणं तर नकोच.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लेप लावून धुवा आणि एक दिवस थांबा. खाज नाही, लाली नाही, तरच चेहऱ्याला लावा. लागेल तेवढीच पूड कालवा. कोरडी पूड घट्ट झाकणाच्या बरणीत टिकते; पाणी लागलं की मात्र ती लवकर नासते.