सल्लागार वेगळा, दिग्दर्शक वेगळा

(विद्यापीठातील नाट्य, संगीत व नृत्य विभागांच्या विद्यार्थी-सल्लागारांसाठी आणि प्राध्यापकांसाठी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

समोर दोन प्रकारची मंडळी बसली आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं-मुली, ज्यांच्याकडे नव्या वर्षात पहिल्या वर्षाची सहा-सहा मुलं येणार आहेत. आणि त्यांच्यामागे उभे राहणारे प्राध्यापक. सहा हा आकडा आला यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमावलीतून. ती नियमावली म्हटली की आपल्याला प्रवेशाच्या वेळचं प्रतिज्ञापत्र तेवढं आठवतं. पण तिच्यातच लिहिलंय की सहा नव्या विद्यार्थ्यांमागे एक विद्यार्थी-मार्गदर्शक असावा, आणि अशा सहा मार्गदर्शकांमागे वरच्या वर्षाचा एक. तरतूद चांगली आहे. अडचण अशी की ती सगळ्या विभागांसाठी एकसारखी लिहिली आहे, आणि आपला विभाग इतरांसारखा नाही.

रसायनशास्त्राचा सीनियर ज्युनियरला प्रयोगवही कशी लिहायची ते सांगतो, तिथं विषय संपतो. आपल्याकडे तोच सीनियर अंतिम वर्षाच्या प्रयोगाचा दिग्दर्शक असतो आणि हा ज्युनियर त्याच्या नाटकात तिसऱ्या रांगेत उभा असतो. नृत्यात समूहरचना बसवणारी ताई आणि सल्ला देणारी ताई एकच. शिक्षकांचंही तेच. शिकवणारे गुरू, भूमिका वाटणारे, प्रात्यक्षिकाला गुण देणारे आणि ‘काही अडचण असली तर सांग हं’ म्हणणारे सगळे एकच असतील, तर मूल काय सांगणार? घोटा दुखतोय म्हटलं तर भूमिका जाईल. तालमीमुळे झोप होत नाही म्हटलं तर निष्ठा कमी ठरेल. म्हणून ते ‘मस्त चाललंय दादा’ म्हणतं आणि नोव्हेंबरात एक दिवस यायचंच बंद होतं.

तेव्हा पहिला नियम जोड्या लावतानाच पाळायचा: ज्याच्या हातात भूमिका आहे किंवा गुण आहेत, त्याच्या हातात सल्ला नको. विभाग लहान असतो, एका वर्गात पंधरा-वीस मुलं, त्यामुळे हे नेहमी जमेल असं नाही. मग शाखा ओलांडा. नाटकाच्या मुलाला संगीताची सीनियर द्या, नृत्याच्या मुलीला नाटकाचा. हजेरी, क्रेडिट, अर्ज, वेळापत्रक या गोष्टी सगळीकडे सारख्याच असतात. आणि सत्राच्या मध्ये कुणाची निवड आपल्याच सल्लागाराच्या प्रयोगात झाली, तर त्या सत्रापुरता सल्लागार बदलायचा. लगेच, न लाजता.

आता तासांचा हिशेब. यावर जरा रेंगाळणार आहे, कारण निम्मं काम इथंच आहे. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सत्राला पंधरा तास, प्रात्यक्षिकाचं एक म्हणजे तीस. सत्र पंधरा आठवड्यांचं धरा. बावीस क्रेडिट सगळी थिअरीची असतील तर आठवड्याला बावीस तास वर्ग. आपल्याकडे समजा आठ क्रेडिट थिअरीची आणि चौदा प्रात्यक्षिकाची. तर आठ अधिक अठ्ठावीस, छत्तीस तास. गुणपत्रिकेवर दोघांचीही बावीसच दिसतात. आठवड्याचे चौदा तास कुठं गेले ते कुणालाच दिसत नाही.

पुढं करू. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप, ४९ गेले. आंघोळ, जेवण, कपडे रोज अडीच तास म्हणजे साडेसतरा. प्रवास सहा दिवस दीड-दीड तास, नऊ. वर्ग छत्तीस. रियाज रोज दोन तास, चौदा. संध्याकाळची तालीम सहा दिवस चार-चार तास, चोवीस. वाचन आणि लेखी काम आठ. उरले साडेदहा. आता आपल्याकडची बरीच मुलं शिकवण्या घेऊन खोलीचं भाडं भरतात. त्याचे दहा धरा. उरला अर्धा तास, अख्ख्या आठवड्यात. आजारपण, घरचं लग्न, लोकलचा गोंधळ, सगळं त्या अर्ध्या तासात बसवायचं. बसत नाही म्हणून झोपेतून कापलं जातं, आणि झोप कापली की पहिला आवाज जातो.

हा तक्ता मुलाकडून भरून घ्यायचा. सात उभ्या रांगा, अर्ध्या-अर्ध्या तासाची घरं, पेन्सिल. एक चूक ठरलेली असते: मुलं आदर्श आठवडा भरतात, पहाटे पाचला खर्जाचा रियाज वगैरे. तसं नको. मागचा आठवडा जसा गेला तसा भरायचा. आधी झोप, मग वर्ग, मग प्रवास, मग तालीम, रियाज शेवटी. रियाज आधी लिहिला की तो दोन तासांचा लिहिला जातो, शेवटी लिहिला की खरे पंचवीस मिनिटं दिसतात. मग तालमीच्या घरांवर बोट ठेवून विचारायचं:

‘सहा ते दहा तालीम. त्यात तुझा प्रवेश किती वेळ?’

‘दादा, परवा नऊला घेतला. चाळीस मिनिटं.’

‘आणि सहा ते नऊ?’

‘बसलो होतो. प्रॉम्प्टिंग केलं थोडं.’

रोग इथं आहे. चार तासांच्या तालमीत सव्वातीन तास वाट बघणं. उपायही माहीत आहे: प्रवेशवार बोलावणं. कोणत्या दिवशी कोणता प्रवेश, कुणी किती वाजता यायचं, हे आठवडाभर आधी फळ्यावर लावायचं. संपूर्ण संच शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत रोज बसवा, हरकत नाही. पण ही मागणी पहिल्या वर्षाचं मूल दिग्दर्शकाकडे करू शकत नाही, त्याचा विद्यार्थी-सल्लागारही करू शकत नाही. ती प्राध्यापक-सल्लागारानं करायची, कुणाचं नाव न घेता, सगळ्या संचासाठी म्हणून. (बॅकस्टेज शिकायला बसवतो, असा युक्तिवाद होईल. बॅकस्टेज शिकवायचंच असेल तर नेमकं काम द्या. कोपऱ्यात मोबाइल बघत बसणं म्हणजे बॅकस्टेज नव्हे.)

भेटी किती घ्यायच्या? सत्रात चार, वीस-वीस मिनिटांच्या. पहिली दुसऱ्या आठवड्यात. पहिल्या आठवड्यात मुलाला त्याचं काय अडलंय हेच कळलेलं नसतं. मग पाचवा, नववा, तेरावा आठवडा. तालमीच्या खोलीत भेटू नका, कँटीनच्या गर्दीतही नको. ‘कसं चाललंय?’ हा प्रश्न बाद. त्याऐवजी ‘काल खोलीवर किती वाजता पोचलास?’, ‘शेवटचं लेखी काम कुणाला दिलंस, कधी?’ असं विचारा. असल्या प्रश्नांना ‘मस्त’ हे उत्तर देता येत नाही. एका पानावर चार ओळी लिहा: तास, जवळच्या तारखा, काय ठरलं, पुढची भेट. घरच्या गोष्टी, आजार, प्रेमप्रकरणं कागदावर आणायची नाहीत.

वर्षाचं कॅलेंडर मात्र भिंतीवर हवं. हिवाळ्यात आपल्याकडे सगळं एकावर एक येतं: राज्य नाट्य स्पर्धा, युवा महोत्सवाच्या फेऱ्या आणि इंद्रधनुष्य हा आंतरविद्यापीठ महोत्सव, सवाई गंधर्व, शाळांची स्नेहसंमेलनं, आणि नेमकी सत्रपरीक्षा. स्नेहसंमेलनांना कमी लेखू नका. शाळेत नाच बसवणं हीच अनेकांची वर्षाची मोठी कमाई असते. ‘ते काम सोड’ असा सल्ला देणाऱ्यानं भाडं कोण भरणार तेही सांगावं. त्यापेक्षा सप्टेंबरातच विचारायचं: किती शाळा, कोणते वार. दोन शाळांवर थांबता येतं, पाचांवर नाही. आणि डिसेंबरात द्यायचं लेखी काम दिवाळीआधी उरकता येतं.

हजेरीचं गणित मुलांना तोंडपाठ असतं असं वाटतं, पण नसतं. दोन क्रेडिटचं प्रात्यक्षिक म्हणजे साठ तास. पंचाहत्तर टक्क्यांची अट असेल तर पंचेचाळीस भरायचे, पंधरा चुकवता येतात. आठवड्याला चार तास धरले तर चौथा पूर्ण आठवडा बुडाला की मर्यादा ओलांडली. युवा महोत्सवासाठी गेलो म्हणून सूट मिळेल, या भरवशावर राहू नका. आपल्या विद्यापीठाचा अध्यादेश छापील स्वरूपात वाचा, आणि जाण्यापूर्वी नाव-तारखांसह सहीचं पत्र घ्या. त्याच्या प्रती प्रत्येक विषयाच्या शिक्षकाकडे द्या. पत्र मिळतं, पण ते सांस्कृतिक विभागाच्या फाइलीत पडून राहतं. बहुतेक घोळ तिथंच होतो.

दोन प्रकारच्या मुलांकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. एक, पुरुषोत्तम किंवा तसल्या एकांकिका स्पर्धांतून आलेली. त्यांना दीड-दोन महिने जीव तोडून काम करायची आणि मग आडवं व्हायची सवय असते. काम उत्तम करतात, पण पंधरा आठवडे रोज थोडं थोडं करणं त्यांना मिळमिळीत वाटतं आणि अंतर्गत मूल्यमापनाचे गुण हातचे जातात. दुसरी, गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद होऊन आलेली. ‘पहिलं वर्ष मला सोपं जाईल’ असं त्यांना वाटतं. रागांच्या बाबतीत खरंही असतं. पण तिथं एका परीक्षेची तयारी करायची असते, इथं दर काही आठवड्यांनी काहीतरी लिहून द्यायचं असतं. सादरीकरणाला शाबासकी मिळवणारी मुलगी नाट्यशास्त्राच्या किंवा संगीताच्या इतिहासाच्या पेपरात अडकते. तिला नोट्स देऊ नका. मागच्या परीक्षेतला एक प्रश्न द्या, चाळीस मिनिटं लावा, लिहिलेलं उत्तर विषयाच्या शिक्षकाला दाखवायला सांगा. असं तीनदा झालं की फरक दिसतो.

मग येतो नाजूक विषय: घरचे गुरुजी आणि विभागातले सर. बाहेर एका घराण्याची तालीम, इथं दुसऱ्याची. कथकमध्ये लखनौची नजाकत आणि जयपूरचं पायाचं काम एकाच अंगात शिरतं आणि मूल गोंधळतं. विद्यार्थी-सल्लागारानं इथं मत द्यायचं नाही. ‘तुझ्या गुरुजींची पद्धत जुनी आहे’ हे वाक्य तोंडातून निघालं की विश्वास संपला. एवढंच करायचं: विभागातल्या शिक्षकांना मुलानंच विचारावं की परीक्षेत नेमकं काय ठरलेलं आहे, बंदिश, ठेका, लय, तुकड्यांची संख्या, आणि कुठं मोकळीक आहे. तेवढं वेगळ्या वहीत. गुरू बदलायचा की नाही, हा प्रश्न आपल्या खोलीत येऊच द्यायचा नाही.

शरीराबद्दल थोडक्यात. घसा बसलाय आणि दोन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. गाणाऱ्यानं आणि नटानं त्याआधीच. कुजबुजत बोलणं म्हणजे आवाजाला विश्रांती नव्हे, त्यानंही ताण येतो. नृत्याच्या मुलीला विचारा: फरशी की लाकूड, घुंगरू वाढवले का, तालमीचे तास एकदम वाढले का. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर एकाच बिंदूवर बोट ठेवून ‘इथं दुखतं’ म्हणत असेल, आणि रात्रीही दुखत असेल, तर मलम-पट्टी नको, अस्थिरोगतज्ज्ञ. दुखणं लपवण्याचं कारण वर सांगितलंच.

गुप्तता म्हणजे सगळं पोटात ठेवणं, असं नाही. पहिल्याच भेटीत सांगायचं: ‘तुझं बोलणं माझ्यापाशी राहील, पण कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा कुणी कुणाला त्रास देत असेल तर ते मी एकट्यापाशी ठेवणार नाही.’ खचलेल्या मुलासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी द्यायची असते. नृत्य-नाट्यात स्पर्श हा शिकवण्याचा भाग असतो, म्हणून ‘तसं काही नसेल गं’ म्हणायचा मोह होतो. तो निवाडा सल्लागाराचा नाही. चौकशी करायची नाही, समोरच्या माणसाला भेटायला जायचं नाही; समितीच्या दारापर्यंत सोबत करायची.

शेवटचं, हल्ली वारंवार येणारं प्रकरण: दुसऱ्या वर्षात मालिका मिळते. शिफ्ट बारा-बारा तासांची, आठवडाभर. सीनियर म्हणतो, ‘फक्त परीक्षेला ये, बाकी बघू.’ हा सगळ्यात महाग पडणारा सल्ला आहे, कारण अंतर्गत गुण आणि हजेरी परीक्षेच्या दिवशी भरून निघत नाहीत, आणि नापासाचे शेरे साचत जातात. नव्या शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. त्यासाठी चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम वेगळा करावा लागतो. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, आणि पदवी जास्तीत जास्त सात वर्षांत पुरी करायची असते. मिळवलेली क्रेडिट अकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, जमा झाली आहेत की नाही, हे जाण्याआधी स्वतःच्या लॉगिननं तपासायचं. परत आल्यावर दोन वर्षांपूर्वीच्या गुणांसाठी परीक्षा विभागाच्या खिडकीत उभं राहण्यात अर्थ नसतो. चालू सत्र पुरं करून गेलं तर त्याची क्रेडिट वाचतात, मधूनच गेलं तर ती जातात. करारावर सही करायच्या आधी मालिकेवाल्यांना सत्रपरीक्षेच्या तारखा लेखी द्यायच्या. ही बैठक प्राध्यापक-सल्लागारानं घ्यायची, नियमावली समोर उघडून. विद्यार्थी-सल्लागारानं एकच करायचं: मुलाला सही करायच्या आधी त्या खोलीत आणून बसवायचं.