केर्मिट आणि युनिक्सच्या शंभर तऱ्हा

(दृश्य : काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. कुणीतरी 'मेक' टाइप करतं आणि थांबतं.)

'मेक' ही सोर्स कोडमधून चालता प्रोग्राम बांधून देणारी आज्ञा. तिच्यापुढे काय टाइप करायचं, इथेच गाडी अडते. लिनक्स? सोलारिस? एआयएक्स? एचपी-यूएक्स? सगळे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचेच भाऊबंद. या एका प्रोग्रामच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे बांधणीच्या कृतीच्या फाइलमध्ये, असे शेकडो पर्याय साठलेत. प्रोग्रामचं नाव सी-केर्मिट, काम एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर फाइली पाठवायचं.

1981. न्यू यॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. डीईसी-20 या मोठ्या कॉम्प्युटरवर विद्यार्थ्यांच्या वाट्याला डिस्कची जागा यायची जेमतेम. फाइली फ्लॉपीवर नेता आल्या तर प्रश्न सुटणार होता, पण त्या तिथवर पोचवायच्या कशा? फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी त्यासाठी एक प्रोटोकॉल, म्हणजे देवाणघेवाणीचे ठरलेले नियम, बसवला. भिंतीवरच्या कॅलेंडरात मपेट शोमधला केर्मिट बेडूक होता, त्याचंच नाव प्रोटोकॉलला मिळालं. फाइलचे तुकडे करायचे, प्रत्येकाला क्रमांक आणि चेकसम (तुकडा शाबूत पोचला का ते तपासायचा आकडा) लावायचा, पोच आली तर पुढचा तुकडा, नाहीतर तोच पुन्हा. वाटेत घोळ घालणारी कंट्रोल कॅरेक्टर्स, म्हणजे न दिसणारी आज्ञावजा चिन्हं, साध्या छापील अक्षरांच्या वेषात पाठवायची.

1985 मध्ये सी भाषेत लिहिलेला सी-केर्मिट आला आणि खरी कसरत सुरू झाली.

फाइल उघडणं, वाचणं, लिहिणं सगळ्या युनिक्सवर साधारण सारखंच. सिरियल पोर्टपाशी, म्हणजे बाहेरची उपकरणं जोडायच्या खाचेपाशी, मात्र प्रत्येकाची चूल वेगळी. वेग ठरवायचा, तर बीएसडी या युनिक्सवर एसजीटीटीवाय नावाची सोय, सिस्टिम फाइव्ह या दुसऱ्या युनिक्सवर टर्मिओ. पोर्टचं नाव लिनक्सवर टीटीवाय-एस-झीरो, तर एससीओ युनिक्सवर टीटीवाय-वन-ए. त्यातही शेवटचा 'ए' कॅपिटल असेल तरच मोडेमचे (फोनलाइनवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या यंत्राचे) सिग्नल पाहिले जाणार, स्मॉल असेल तर नाही!

1988 मध्ये सगळ्या युनिक्सना एका माळेत ओवू पाहणारं पॉझिक्स मानक आलं, त्यात सिरियल पोर्टसाठी टर्मिऑस आलं. वाटलं, सुटलो. पण आरटीएस-सीटीएस फ्लो कंट्रोल (दोन वेगळ्या तारांवरून 'थांब' आणि 'पाठव' सांगायची सोय) त्यात नव्हता आणि वेगाची यादी सेकंदाला 38,400 बिट्सवर संपत होती. मोडेमवाल्यांना नेमकं तेच हवं होतं.

(दृश्य : लॉक फाइलचा क्लोजअप. आत एकच आकडा.)

आणि ही लॉक फाइल. मोडेम एक, वापरणारे प्रोग्राम अनेक. म्हणून ज्याने पोर्ट घेतला त्याने एका ठरलेल्या जागी आपल्या प्रोसेसचा नंबर लिहून ठेवायचा. ठरलेली जागा कुठली? कुठे यूयूसीपी या फोनवरून फाइली नेणाऱ्या जुन्या युनिक्स सोयीची स्पूल डिरेक्टरी, कुठे लॉक्स नावाची वेगळी डिरेक्टरी. नंबर कुणी अंकांत लिहायचं, कुणी थेट बायनरीत. सिस्टिम फाइव्ह रिलीज फोरमध्ये तर फाइलचं नावच डिव्हाइसच्या क्रमांकांवरून बनायचं. लॉक चुकीच्या जागी ठेवला, तर न ठेवल्यासारखाच. अर्धी फाइल गेलेली असताना दुसरा प्रोग्राम खुशाल पोर्टमध्ये घुसणार.

हा सगळा संसार सीके-यूटीआयओ या एका सोर्स फाइलमध्ये, इफडेफच्या ('अमुक मशीन असेल तरच ही ओळ घे' अशा सूचनांच्या) जंगलात. काही जुन्या कंपायलरना (सोर्सचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्राम्सना) फंक्शन प्रोटोटाइप, म्हणजे फंक्शनला काय काय द्यायचं ते आधीच सांगणाऱ्या ओळी, कळतच नव्हते, म्हणून प्रत्येक डिक्लरेशन नको तिथे गाळता येईल अशा एका मॅक्रोत गुंडाळलेलं.

पुढे इतरांनी कॉन्फिगर स्क्रिप्ट आणली, जी मशीन स्वतः चाचपून बघते. सी-केर्मिट त्या वाटेला गेला नाही. नवं मशीन आलं की हाताने नवा पर्याय लिहायचा, जुना सहसा राहू द्यायचा. वेडेपणा म्हणा हवं तर, पण मला ही पद्धत आवडते. मेकफाइल वाचताना कुठली मशीनं होऊन गेली ते ओळीओळीने कळतं. किंमतही मोजावी लागली : मेकफाइल इतकी फुगली, की काही जुन्या सिस्टिम्सवर खुद्द मेकलाच ती झेपेना. मग एडिटरमध्ये उघडून नको तो भाग कापायचा.

2011 मध्ये कोलंबियाने प्रकल्प बंद केला, सोर्स कोड बीएसडी नावाच्या मोकळ्या परवान्यावर खुला झाला.

(दृश्य : सर्व्हर रूम. राउटरच्या कन्सोलला निळी केबल, दुसऱ्या टोकाला लॅपटॉप.)

आजही राउटर रुसला की इंजिनिअर ही सिरियल केबल शोधतो. पोर्टचं नाव आता टीटीवाय-यूएसबी-झीरो. एंटर दाबला, की उत्तर येतं : परमिशन डिनाइड. पोर्ट उघडायचा, तर आधी ठरावीक ग्रुपमध्ये नाव हवं. डेबियनवर त्या ग्रुपचं नाव डायलआउट. आर्च लिनक्सवर यूयूसीपी.