दोन तिकिटं

खिडकीसमोर तो उभा आहे. मुठीतल्या नोटा घामाने ओलसर झाल्यात. घरून निघताना तीनदा मोजल्या होत्या. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरतं आणि मोजलेलं सगळं डोक्यातून जातं.

"दोन द्या," त्याच्या शेजारी उभी असलेली बाई म्हणते.

सिनेमा बघायची हौस त्याची. तिला त्यात काडीचा रस नाही. पण कुठे उतरायचं, कुठल्या दाराने आत जायचं, एकदम अंधार झाला तर घाबरायचं नाही, हे सांगायला कुणीतरी सोबत लागतं. म्हणजे तिकिटं दोन, जाण्यायेण्याचं भाडं दोघांचं, वर तिच्या वेळेचा मोबदला. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाची एक साधी संध्याकाळ अशी महागते.

अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी नेमकं यावर बोट ठेवलंय. अपंगत्वामुळे कमाई घटते, हे सगळ्यांना दिसतं. पण तेवढ्याच पैशात इतरांसारखं जगताही येत नाही. गरिबी नुसत्या उत्पन्नावर मोजली, की हा दुसरा फटका हिशेबात येतच नाही.

मदतनिसाचे तास कापायची वेळ आली, की अंघोळ, जेवण, औषधं चालू राहतात. राहायलाच हवीत. कात्री लागते ती बाहेर जाण्याला. मित्राकडे जाणं ही चैन, असं कागदावर कुणी लिहीत नाही. वागतात मात्र तसंच.

मग त्याने कमवावं की! पण अनेक देशांत सरकारी मदत उत्पन्न आणि शिल्लक बघून ठरते. पगार मर्यादेच्या वर गेला, की भत्ता आटतो. नोकरी टिकेल याची खात्री नाही, आणि बंद झालेला भत्ता पुन्हा सुरू करायचा म्हणजे हेलपाटे. घरचे म्हणतात, "नको ती नोकरी." त्यांना भित्रं म्हणणं सोपं आहे.

असलेला पैसा तरी त्याच्या हातात असतो का? खातं त्याच्या नावावर, कार्ड दुसऱ्याच्या खिशात. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारातलं कलम 12 म्हणतं, स्वतःचे आर्थिक व्यवहार सांभाळण्याचा हक्क त्यालाही इतरांइतकाच आहे. कलम 19 समाजात राहण्याचा हक्क देतं. बँकेचा अर्ज मात्र शिकल्यासवरल्यालाही दोनदा वाचावा लागतो.

खिडकीतून सुटे पैसे परत येतात. बाईचा हात सवयीने पुढे जातो, मग ती तो मागे घेते.

तो एकेक नाणं बाजूला सारत मोजतोय. रांग थांबली आहे.